क्यूचं नाव कुणावरून ठेवायचं?

प्रश्न: आमची सहा जणांची टीम आहे, रॅबिटएमक्यू (सर्व्हिसेसचे एकमेकींना जाणारे मेसेज क्यूत, म्हणजे रांगेत, ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरतो. तीन सर्व्हिसेस होत्या तोवर ठीक चाललं होतं, आता अकरा झाल्यात आणि क्यूंची यादी उघडली की धडकी भरते. 'ऑर्डरक्यू', 'ऑर्डर_क्यू_न्यू', 'टेस्ट२', आणि एक तर सोडून गेलेल्या मुलाच्या नावाची, तीही प्रॉडक्शनला चालू! नियम ठरवायचाय. नावात पाठवणारा घालू, घेणारा घालू की मेसेज? नंतर बदलता येईल ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: शेवटचं आधी घेते. नाही, क्यूचं नाव बदलता येत नाही, नवीन क्यू करायची आणि जुनी काढायची एवढंच हातात असतं. म्हणून जे बदलणार आहे ते नावात नको, म्हणजे माणसाचं नाव, टीमचं नाव, सर्व्हरचा नंबर, आणि 'न्यू' तर अजिबात नको, सहा महिन्यांनी ती नवी राहत नाही पण नाव तसंच राहतं.

आता खरा मुद्दा. क्यू ही घेणाऱ्याची असते. ऑर्डर कन्फर्म झाली की बिल बनवायचंय, स्टॉक कमी करायचाय, एसएमएस पाठवायचाय, म्हणजे घटना एक आणि क्यू तीन. यातल्या एकीला 'ऑर्डर.कन्फर्म्ड' म्हटलं तर बाकी दोघींना काय म्हणणार? घटनेचं नाव राउटिंग कीमध्ये (मेसेज कुठल्या क्यूंत जायचा ते ठरवायला पाठवताना लावलेली खूण) जाऊ दे, ते तिचंच काम आहे, आणि क्यूला घेणारी सर्व्हिस आधी, मग काम: 'बिलिंग.ऑर्डर-बिल', 'स्टॉक.ऑर्डर-वजा', 'एसएमएस.ऑर्डर-कळवा'. पाठवणाऱ्याचं नाव नकोच, उद्या मोबाइल ॲपवरूनही तोच मेसेज आला तर नाव खोटं पडतं. (इथे देवनागरीत छापलंय, तुम्ही लहान रोमन अक्षरांतच लिहा, कॅपिटल आणि स्मॉलने दोन वेगळ्या क्यू होतात.)

डॉट, हायफन, अंडरस्कोर यातलं कशाला काय वापरायचं तेही एकदाच ठरवा. मी जिथे आधी काम करायचे तिथे पाठवणाऱ्याने हायफन घातला आणि घेणाऱ्याने अंडरस्कोर, घेणाऱ्याच्या कोडने आपली वेगळी क्यू मुकाट्याने तयार केली आणि तिथे वाट बघत बसला, एरर कुठेच नाही, इकडे पहिल्या क्यूत मेसेज साठतायत. रात्री दोन वाजता यादीत ती दोन नावं एकाखाली एक दिसली तेव्हा कळलं.

सर्व्हिसचं नाव पुढे ठेवायचं दुसरं कारण म्हणजे रॅबिटमध्ये पॉलिसी (क्यूंना लागणारे नियम) आणि परवानग्या नावावर रेगेक्स (अक्षरांचा नमुना जुळवायची पद्धत) लावून चालतात. तिथेच आणखी एक चूक पाहिली, ऑर्डरच्या क्यूंवर एक तासाच्या टीटीएलची (मेसेज किती वेळ टिकेल ती मुदत) पॉलिसी लावली आणि पॅटर्न नुसता 'ऑर्डर' असा दिला, 'नाव इथूनच सुरू व्हावं' सांगणारी '^' खूण न देता. रोमन स्पेलिंगमध्ये 'रीऑर्डर'च्या पोटात 'ऑर्डर' आहेच, त्यामुळे तीही क्यू त्यात सापडली. शनिवारी तिचा कन्झ्युमर (मेसेज घेणारा प्रोग्रॅम) बंद पडला आणि सोमवारी येऊन बघतो तर आत जवळपास काहीच शिल्लक नाही, सगळे मेसेज मुदत संपून गेलेले. तुमची नावं 'बिलिंग.' अशी सुरू होत असतील तर '^बिलिंग\.' लिहून सुरक्षित राहता येतं, तो डॉटसुद्धा एस्केप करा, म्हणजे त्याच्याआधी '\' द्या, नाहीतर रेगेक्समध्ये तो कुठल्याही अक्षराला चालतो.

'प्रॉड', 'टेस्ट' नावात घालू नका, त्यासाठी वेगळे व्हीहोस्ट (रॅबिटमधले स्वतंत्र कप्पे) करा. 'एएमक्यू.' ने सुरू होणारी नावं ब्रोकरने, म्हणजे रॅबिटने, स्वतःसाठी राखून ठेवलीत, ती मिळणार नाहीत. मर्यादा 255 बाइट्सची आहे पण तेवढं लांब कोण वाचणार! पुढेमागे ॲमेझॉनच्या एसक्यूएस या क्यू सेवेवर जायचा विचार असेल तर तिथे 80 अक्षरंच चालतात आणि डॉट चालत नाही, फक्त फिफो (क्रम पाळणाऱ्या) क्यूच्या शेवटी '.फिफो' लागतं. डेड लेटर क्यूला (ज्या मेसेजचं काम झालं नाही ते जिथे जातात ती) मूळ नावच द्या आणि शेवटी '.डीएलक्यू' जोडा, म्हणजे यादीत ती आपल्या क्यूला चिकटून दिसते.

सगळं एका दिवशी बदलायला जाऊ नका. त्या मुलाच्या नावाची क्यू आधी घ्या. नवीन क्यू करा, त्याच एक्स्चेंजला (आलेले मेसेज क्यूंत वाटणारा रॅबिटचा भाग) त्याच राउटिंग कीने बाइंड करा म्हणजे जोडा, लगेच जुनीचं बाइंडिंग काढा. मधल्या क्षणात काही मेसेज दोन्हीकडे जातील, म्हणून तोच मेसेज दोनदा आला तर तुमचा कोड काय करतो ते आधी तपासा. उलट क्रमाने केलंत तर मधले मेसेज हरवतील, ते जास्त वाईट. मग जुनीवरचा कन्झ्युमर चालू ठेवून ती रिकामी होऊ द्या, आकडा शून्यावर आला की एक दिवस थांबा आणि मग डिलीट करा.