चुकलेल्या उत्तरांची वही

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

बी.एड.ला नंबर लागल्याचं तुझ्या बाबांनी सांगितलं. पाठोपाठ तुझा मेसेज आला. संभाजीनगरला खोली करून राहण्यापेक्षा हजेरीचं ‘बघून घेणाऱ्या’ एखाद्या कॉलेजात नाव टाक आणि दोन वर्षं घरी बसून टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, अभ्यास कर, असं तुला नात्यातल्या कुणी सुचवलंय. तू माझं मत विचारलंस. कॉलेजला जा. रोज जा. कारण फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

बी.एड. पूर्वी एका वर्षात उरकायचं. २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालं, ते मुख्यतः शाळेतला काळ वाढावा म्हणून. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या नियमांप्रमाणे वीस आठवडे शाळेत जायचं असतं, पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. वर्गातल्या कामाला ८० टक्के हजेरी लागते आणि आंतरवासितेला, म्हणजे शाळेतल्या या सरावाच्या काळाला, ९० टक्के. या दोन आकड्यांतला फरक बघ. मानसशास्त्राचं पुस्तक तू घरी वाचू शकशील, पण चाळीस मुलांसमोर उभं राहणं घरी शिकता येत नाही. नाव टाकून घरी बसलेला माणूस नेमकी तीच गोष्ट गमावतो, आणि त्याची किंमत पुढे तीस वर्षं मुलं मोजतात. मला याचा राग येतो, अजूनही येतो.

सुरुवातीला सूक्ष्म अध्यापन असेल. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं प्रत्याभरण, म्हणजे काय जमलं आणि काय चुकलं ते, ऐकायचं, बारा मिनिटांत पाठ नव्याने बांधायचा, परत सहा मिनिटं शिकवायचं आणि परत सहा मिनिटं ऐकायचं. वर्गमैत्रिणीच विद्यार्थी होऊन बसतात, त्यामुळे पहिले काही दिवस सगळं नाटकी वाटतं. तरी मन लावून कर, कारण एका वेळी एकच कौशल्य धरून घासायची संधी पुढे नोकरीत मिळत नाही. त्यातलं प्रश्न विचारण्याचं कौशल्य मी सगळ्यांत वर ठेवतो. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गातलं बोलणं टेप करून मोजलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभरच थांबत होते, मग दुसऱ्याला उठवत किंवा स्वतःच उत्तर देत. तोच थांबा तीन सेकंदांवर नेला, तर मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, पण मागच्या बाकावर निरीक्षक बसलेले असताना ते फार लांब होतात. त्यांची सवय आताच लाव.

नंतर सराव पाठ आणि टाचणं, म्हणजे पाठाची आधी लिहून काढलेली आखणी. मागच्या वर्षीच्या सीनियरची टाचणवही झेरॉक्सच्या दुकानात सहज मिळते, आणि पुष्कळ जण तीच उतरवतात. तू उतरवू नकोस. टाचणात शिक्षककृती आणि विद्यार्थीकृती असे रकाने असतात. विद्यार्थ्याच्या रकान्यात तू ‘अपेक्षित उत्तर’ लिहिशील, आणि वर्गात ते उत्तर येणार नाही. तिथून पुढे तुझं खरं शिकवणं सुरू होतं.

उदाहरण देतो. तू विज्ञानाची अध्यापन पद्धती घेतली आहेस, तेव्हा प्रकाशसंश्लेषणावर पाठ कधीतरी येईलच. झाडाला अन्न कुठून मिळतं, असं विचारलंस की आपल्याकडचा शेतकऱ्याचा पोरगा छातीठोक सांगेल, “खतातून.” त्याने युरिया टाकल्यावर पिवळी पडलेली कपाशी हिरवी झालेली डोळ्यांनी पाहिलीय. “चूक, बस खाली” म्हणालीस, तर तो परीक्षेत पुस्तकातलं वाक्य लिहील आणि मनात खतच ठेवील. त्याऐवजी त्याला विचार, “ज्वारी काढल्यावर कडब्याची एवढी मोठी गंज लागते, मग तेवढी माती रानातून कमी झाली का रे?” तो विचारात पडेल. तेव्हा त्याला व्हॅन हेल्मोंटची गोष्ट सांग. सतराव्या शतकात या माणसाने कुंडीत विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. झाडाचं वजन १६० पौंडांहून जास्त वाढलं, माती मात्र जेमतेम दोन औंस घटली. हेल्मोंटने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासूनच वाढतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यालाही सुचला नाही. तुझ्या वर्गातला पोरगा ज्या जागी अडलाय, त्याच्या आसपासच मोठमोठे लोक अडले होते. खताने नत्र मिळतं हे त्याचं निरीक्षण खरं आहे, ते त्याच्याकडून काढून घेऊ नकोस. त्याला हवा आणि ऊन जोडून दे.

गणितातही असंच. ५२ मधून ३७ वजा करून एखादी मुलगी २५ लिहिते. तिला काहीच येत नाही असं समजू नकोस. ती प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतेय, म्हणजे तिच्याकडे एक नियम आहे आणि ती तो इमानदारीने पाळतेय. तो नियम तुला दिसला, तरच हातचा कसा समजावायचा ते सुचेल. म्हणून एक साधी दोनशे पानी वही कर. रोजच्या पाठात आलेलं एक तरी चुकलेलं उत्तर मुलाच्याच शब्दांत लिहून ठेव आणि खाली लिही की त्याने असा विचार का केला असेल. टाचणवहीवर सही होते, गुण मिळतात. या वहीला कुणी गुण देणार नाही. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलामुलींपैकी जे चांगले शिक्षक झाले, ते सगळे या ना त्या रूपाने ही वही ठेवणारे होते.

आता आपल्या मुलखाचं. मराठवाड्यात शिक्षक व्हायचं तर वर्गात कोण बसलंय हे आधी ओळखावं लागतं. तांड्यावरचं पोर घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतं. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे घरात तेलुगू असते, उमरगा-निलंग्याकडे कन्नड, किनवटच्या डोंगरात गोंडी आणि कोलामी. पहिलीतलं असं लेकरू गप्प बसलं की त्याला ‘मंद’ म्हणून मोकळे होणारे मी पाहिलेत. निजामाच्या राज्यात उर्दू माध्यमापुढे मराठी घरातली पोरं अशीच मुकी होत. ती अडचण ओळखणारी माणसं आपल्याकडे होती. स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईत मास्तर होते, हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं पुढारपण नंतर आलं. आज आपलं विद्यापीठ आहे, माध्यम मराठी आहे, आणि आता मुकं बसलेलं लेकरू दुसऱ्या कुणाचं तरी आहे. ते तुला दिसलं पाहिजे.

दुसरी गोष्ट उसाची. तू बीडची, तुला वेगळं सांगायला नको. ऊसतोडीसाठी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले आईबाप दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात ते मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण लहान भावंडं सांभाळायला म्हणून मुली सोबत नेल्या जातातच. आंतरवासितेत हजेरीपट चाळून कोणती नावं कधी गळतात ते बघ. परत आलेल्या मुलीला ‘एवढे दिवस कुठं होतीस’ असं चारचौघांत विचारायचं नाही, एवढं पथ्य आजपासून पाळ.

नोकरीचं स्पष्ट सांगतो, कारण तू त्याच काळजीत आहेस. ११ ऑगस्ट २०२३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, तिथे डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदविका लागते. तुझी वाट सहावीपासून वरची. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा दुसरा पेपर, दीडशे गुणांचा, खुल्या गटाला ६० टक्के लागतात. त्यानंतर अभियोग्यता चाचणी, म्हणजे टेट, दोनशे गुणांची, आणि शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल. भरती रखडते, हे खरं आहे. तरी टीईटीतले तीस गुण बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राचे आहेत, आणि रोज वर्गात जाणाऱ्याला ते प्रश्न लवकर उलगडतात. संध्याकाळचे दोन तास चाचणीच्या सरावाला ठेव, दिवस कॉलेजला दे. जागेसाठी कुणी पैसे मागितले तर बाबांना जमीन विकू देऊ नकोस. हे मी त्यांनाही बोललोय.

आंतरवासितेला शाळा निवडायची वेळ आली की बहुतेक जण बसस्टँडजवळची, फॅन असलेली शाळा मागतात. शक्य असेल तर जिल्हा परिषदेची माध्यमिक शाळा माग, जिथे सातवी-आठवीला विज्ञानाचे तास तुझ्या वाट्याला येतील आणि मुख्याध्यापक तुला सह्या आणि ऑनलाइन माहिती भरण्याच्या कामाला जुंपणार नाहीत. अशा दोन-तीन शाळा मला ठाऊक आहेत, तिथल्या सरांशी बोलून ठेवीन. प्रवेशाची फी भरून झाली की पावती जपून ठेव आणि वेळापत्रक हाती आलं की मला फोटो पाठव.

तुझे,
सर