बकेट दिसते, पण बॅकअप चढत नाही

प्रश्न : डेटाबेसचा रात्रीचा बॅकअप अमेझॉनच्या एस३ या क्लाउड साठवणीतल्या बकेटमध्ये (फाइली ठेवण्याच्या कप्प्यात) टाकणारी शेल स्क्रिप्ट आहे. सुरुवातीला 'हेड-बकेट' कमांडने परमिशन तपासतो. ती पास होते, छोटी चाचणी फाइलही चढते. ३ जीबीचा खरा बॅकअप मात्र 'अ‍ॅक्सेस डिनाइड' म्हणून अडतो. बकेटला केएमएस (अमेझॉनची की सांभाळणारी सेवा) एन्क्रिप्शन आहे. (एक वाचक, सांगली)

उत्तर : छोटी फाइल जाते आणि मोठी अडते, म्हणजे दोष बहुधा केएमएस कीच्या परमिशनमध्ये आहे. एडब्ल्यूएसची (अमेझॉनच्या क्लाउड सेवेची) कमांड लाइन ८ एमबीपासून पुढच्या फाइलचे तुकडे करून पाठवते. यालाच मल्टिपार्ट अपलोड म्हणतात. अखंड फाइल चढवायला कीवर 'जनरेट-डेटा-की' एवढी परमिशन पुरते. मल्टिपार्टला 'डिक्रिप्ट'ही लागते, कारण तुकडे जोडण्याआधी एस३ला ते उलगडून वाचावे लागतात. 'आपल्याला फक्त चढवायचेय, वाचायचे कुठेय?' असे म्हणून पॉलिसीतून नेमकी हीच ओळ गाळली जाते. स्क्रिप्ट ज्या रोलने (परमिशन जोडलेल्या ओळखीने) चालते, त्याला त्या एका कीपुरत्या दोन्ही परमिशन द्या. की दुसऱ्या खात्यातली असेल, तर कीच्या स्वतःच्या पॉलिसीतही तुमच्या रोलला मुभा हवी.

हेड-बकेटवर फार विसंबू नका. तिचे २०० (म्हणजे 'ठीक') उत्तर एवढेच सांगते की बकेट आहे आणि तुम्हाला 'लिस्ट-बकेट' परमिशन आहे. लिहिण्याबद्दल ती काही बोलत नाही. लिस्ट-बकेट लागू होते खुद्द बकेटला, तर 'पुट-ऑब्जेक्ट' आतल्या फाइलींना, म्हणून पॉलिसीत बकेटच्या नावापुढे /* लावावे लागते. दोन्ही परमिशन एका ओळीत लिहून रिसोर्स एकच दिला की एक चालते, दुसरी मुकाट्याने पडते.

खरी तपासणी म्हणजे तेच काम छोट्या प्रमाणात करून पाहणे. 'डीडी' कमांडने १० एमबीची फाइल बनवा, म्हणजे मल्टिपार्टची वाट तपासली जाईल. ती बॅकअपच्याच प्रीफिक्सखाली (फाइलच्या नावाआधीच्या फोल्डरसारख्या भागाखाली) आणि एन्क्रिप्शनचे तेच पर्याय देऊन चढवा. बकेट पॉलिसीतला 'डिनाय' अनेकदा या दोन्हींवर बेतलेला असतो आणि डिनायपुढे कोणताही 'अलाऊ' चालत नाही. चाचणी फाइल पुसण्यासाठी रोलला डिलीट परमिशन देऊ नका, बॅकअपच्या रोलकडे ती नसलेलीच बरी. चाचणीच्या उपप्रीफिक्सवर १ दिवसाचा लाइफसायकल नियम (फाइल आपोआप पुसणारा) लावा.

आणखी एक खोच : लॉगसाठी कमांडचे आउटपुट 'टी' (tee) कमांडमध्ये पाइप केले असेल, तर स्क्रिप्टला एक्झिट कोड 'टी'चा मिळतो, म्हणजे शून्य, अर्थात 'यशस्वी'. वर 'पाइपफेल' चालू करा, नाहीतर अपलोड पडूनही मेल येईल, 'बॅकअप यशस्वी'.

प्रश्न : स्क्रिप्ट हाताने चालवली की फाइल उतरते, क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या सोयीतून) ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', येतो. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : क्रॉनमध्ये तुम्ही 'तुम्ही' नसता. तुमच्या शेलमधले प्रोफाइलचे व्हेरिएबल तिथे नसते, आणि काम रूटच्या क्रॉनटॅबमध्ये असेल तर क्रेडेन्शियल रूटच्या होम डिरेक्टरीतून वाचली जातात. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत एसटीएस या एडब्ल्यूएसच्या ओळख-सेवेची 'गेट-कॉलर-आयडेंटिटी' चालवून उत्तर लॉगमध्ये टाका. या कमांडला कुठलीच परमिशन लागत नाही, त्यामुळे कोणत्या नावाने दार ठोठावले ते लगेच कळते.

नाव बरोबर निघाले, तर फाइलचे नाव पाहा. लिस्ट-बकेट परमिशन नसेल तर नसलेल्या फाइलसाठीही एस३ ४०४ ('सापडली नाही') ऐवजी ४०३ देते. तारखेवरून बनवलेले नाव एका दिवसाने चुकले तरी परमिशनचाच दोष वाटतो. शिवाय सर्व्हरचे घड्याळ १५ मिनिटांहून जास्त पुढे-मागे असले तरी ४०३च येतो, आणि हेड प्रकारच्या विनंतीला मजकूर नसल्याने कारण दिसत नाही. अशा वेळी 'गेट-ऑब्जेक्ट' चालवा, खरा एरर कोड तिथे मिळेल.

प्रश्न : गुगल क्लाउड स्टोरेजमध्ये फाइल न चढवता हे तपासता येते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : येते. पायथन लायब्ररीत बकेटवर 'टेस्ट आयएएम परमिशन्स' ही मेथड आहे. तिला हव्या त्या परमिशनची यादी द्या. त्यांतल्या ज्या तुमच्याकडे आहेत तेवढ्याच परत येतात. दोन्ही याद्या जुळल्या तरच पुढे जा. नुकताच रोल दिला असेल तर काही मिनिटे थांबून पुन्हा तपासा, बदल लगेच सगळीकडे पोहोचत नाही.