सोलापुरातला मुक्काम हलवताना

दादा, कॅम्पर व्हॅनमध्ये, म्हणजे राहायच्या-झोपायच्या सोयीच्या गाडीत, सामान भरायची घाई नको. आधी टायर बघा. नक्षी चांगली असली तरी इथल्या उन्हात उभ्या गाडीच्या रबराला भेगा जातात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. सहा वर्षं उलटली असतील तर जाणकाराला दाखवाच, लांबच्या रस्त्यावर ही जोखीम नको.

मग:
- बॅटरी पूर्ण चार्ज करून, चार्जर काढून रात्रभर ठेवा. साधी लेड-अ‍ॅसिड असेल तर सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी.
- गॅसच्या जोडांना साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर शेगडी पेटवू नका.
- पाण्याची टाकी धुवा.
- विमा, पीयूसीच्या तारखा.

नवखे पहिल्याच दिवशी थेट कोकण गाठायला निघतात. तुम्ही अक्कलकोटला एक रात्र गाडीतच राहा. काय राहिलंय ते तिथंच कळेल, आणि घर जवळ असेल. सोलर वगैरे नंतर बघू. निघा बिनधास्त!