'पिऊन येऊ नका'

डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारलंय, 'भाऊ स्वतःच म्हणाला, दारू सोडायचीय. मी व्यसनमुक्ती केंद्रात फोन लावून तारीख घेतली. त्या दिवशी सकाळी पठ्ठ्या गायब. दुसऱ्या खेपेलाही तेच. याला सोडायचीच नाहीये, असं समजायचं का?'

हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. काही वर्षांपूर्वी विचारला असता तर 'मनाची तयारी झालेली नाही' असं सांगून मीही मोकळी झाले असते. आमच्या समुपदेशनाच्या धंद्यात हे वाक्य फार सोयीचं आहे. माझ्या तोंडून ते एका फिटरने काढून घेतलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

तेव्हा मी दादरला एका केंद्रात बसायचे. सोमवारी सकाळी लालबागहून एका बाईंचा फोन आला. 'आमचे हे तयार झालेत. आजच बोलावलंत तर बरं होईल.' आज जागा नव्हती. गुरुवार, अकरा वाजता. गुरुवारी अकरा वाजले, बारा वाजले, कुणी आलं नाही. रजिस्टरमध्ये नावापुढे फुली मारली. दुपारी मी सहज फोन केला. सहज म्हणजे, पुढचा पेशंटही आला नव्हता आणि मी रिकामी बसले होते.

फोन त्यांनीच उचलला. 'मॅडम, मी आलो होतो.'

'कुठे?'

'तुमच्या जिन्यापर्यंत.'

सकाळी जाग येते तेव्हा त्यांचे हात असे थरथरत की कप बशीवर वाजायचा. म्हणून बायको अर्धाच कप चहा भरायची. एरवी उताऱ्याची नाईन्टी पोटात गेली की हात ताळ्यावर येत आणि ते कामाला जात. पण आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीने बजावलं होतं, 'पिऊन येऊ नका.' त्यांनी ते मनावर घेतलं. रात्री दहानंतर थेंब नाही. करी रोडहून दादरला उतरेपर्यंत शर्ट घामाने भिजला, पोटात ढवळायला लागलं, पुलाच्या पायऱ्या कठडा धरून उतरावं लागलं. शेवटी देशीच्या दुकानात शिरले. 'हात थांबले, मॅडम. पण आता पिऊन वर कसं येणार? दहा मिनिटं खाली उभा राहिलो आणि गेलो परत.'

म्हणजे हा माणूस आला नाही तो आमचं ऐकलं म्हणून.

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या दाबाखाली काम करायला शिकलेला असतो आणि त्या दाबाविरुद्ध सतत जोर लावत असतो. दाब एकदम काढला की तो जोर उसळतो. (हे ऐकल्यावर फिटर म्हणाले, 'स्प्रिंग सुटते.') शेवटच्या पेगनंतर साधारण 6 ते 8 तासांत थरथर सुरू होते. फिट येण्याची भीती पहिल्या 48 तासांत जास्त. दोन ते चार दिवसांत काहींना भास होतात, कुठे आहोत याचं भान जातं, आणि वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर जिवावर बेततं. अशा माणसाला 'कोरडे या' म्हणणं नुसतं कठीण नाही, धोक्याचं आहे. आमच्या मुलीचा दोष नव्हता. ते वाक्य आम्हीच तिला लिहून दिलं होतं.

'आत्ता येता?' मी विचारलं. चार वाजता आले, वास येतच होता. दारू सोडण्याबद्दल मी त्या दिवशी चकार शब्द काढला नाही. फॉर्मवर सही करताना ते थबकले, कारण अक्षर वाकडं येईल याची त्यांना लाज वाटत होती. मी म्हटलं, राहू दे, पुढच्या वेळी करा. त्याच संध्याकाळी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. दारू कशी उतरवायची आणि भरती करायचं का, हे डॉक्टरांनी ठरवलं. ते ठरवणं समुपदेशकाचं काम नव्हे.

सगळ्यांचंच कारण हे नसतं. कुणाला 'व्यसनमुक्ती' पाटीच्या दारात शेजारी बघेल याची धास्ती, कुणाला कंपनीत कळेल याची. (मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 व्यसनाच्या उपचारालाही लागू आहे आणि माहिती गुप्त राहण्याचा हक्क त्यात दिलेला आहे.) कुणाला वाटतं, आत गेलो की कोंडून ठेवतील. आणि फोन ते तारीख यांच्या मधले तीन-चार दिवस तर फारच वाईट. एक जण 'आता सोडायचीच आहे' म्हणून रोज शेवटची पार्टी करतो. थोडी कमी पिणारा दोन दिवस कोरडा राहतो आणि म्हणतो, जमलं की, कशाला जायचं? 'सोडायचीय' हे वाक्य खरं असतं, पण फार टिकत नाही. म्हणून तारीख जितकी लांबची, तितकी गळती जास्त.

तर ताई, भावाला आधी एवढंच विचारा, 'त्या दिवशी सकाळी उठल्यावर काय झालं?' 'का नाही गेलास?' असं नको, त्याचं उत्तर भांडणातच मिळतं. हात थरथरत असतील, पूर्वी कधी फिट आली असेल, तर घरच्या घरी बाटली एकदम बंद करू नका. तारीख घेताना केंद्राला स्पष्ट सांगा, 'याला सकाळी घ्यावीच लागते, कसं आणू?' तिथून नीट उत्तर आलं नाही तर दुसरीकडे विचारा. 14446 ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे. शक्य झालं तर सोबत जा, पण गाडीत 'हा शेवटचा चान्स' वगैरे काढू नका. डोंबिवली ते दादर खूप वेळ लागतो आणि मधे उतरायला बरीच स्टेशनं आहेत.