ब्लॅक बेल्ट मिळाला, आता कॉलेज सोडू का?

प्रश्न: माझी मुलगी बारावी कॉमर्सला आहे. सातवीपासून कराटे शिकते, गेल्या डिसेंबरात ब्लॅक बेल्ट मिळाला. संध्याकाळी सरांच्या क्लासमध्ये लहान मुलांना शिकवते. त्यांचे बेल्ट बांधून दे, त्यांच्या आया येईपर्यंत थांब, यात घरी यायला साडेआठ वाजतात. आता म्हणते, बारावीनंतर कॉलेज नको, सरांची नवी शाखा सांभाळते. तिचे बाबा म्हणतात, कराटे बंद आणि बँकेच्या परीक्षांची तयारी सुरू. एका ओळखीच्यांनी सांगितलं, पंधरा हजार भरून दिल्लीत ‘नॅशनल’ खेळली की क्रीडा आरक्षणातून नोकरी पक्की. काय करावं?
– एक आई, इचलकरंजी

ताई, आधी त्या पंधरा हजारांचं बोलू. भरू नका.

महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, हे खरं. पण कोणता खेळ, कोणत्या संघटनेची स्पर्धा, कितवा क्रमांक हे सगळं शासन निर्णयात ठरलेलं असतं, आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात होते. कराटेत तर संघटनांचं पेव फुटलंय. जो तो आपली ‘नॅशनल’ भरवतो. बोगस प्रमाणपत्रांवर नोकरीला लागलेल्यांवर आपल्या राज्यात गुन्हे दाखल झालेत. कोल्हापूरला जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मुलीची सगळी प्रमाणपत्रं घेऊन जा आणि कुठलं चालतं, कुठलं नाही, ते तिथेच विचारा. ओळखीच्यांचा शब्द तिथे चालत नाही.

खेळाडू म्हणून पुढे जाण्याची वाटही अरुंद आहे, हे मुलीला माहीत असेलच. कराटे ऑलिंपिकमध्ये एकदाच आलं, २०२१ मध्ये झालेल्या टोकियोच्या स्पर्धेत. २०२४ ला पॅरिसने ते घेतलं नाही, २०२८ च्या लॉस एंजेलिसच्या यादीतही नाही. आशियाई स्पर्धेत १९९४ पासून आहे, पण तिथवर पोचणाऱ्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

आता तुम्ही जे तक्रारीच्या सुरात लिहिलंय, त्याकडे येते. पोरांचे बेल्ट बांधणं आणि त्यांच्या आया येईपर्यंत थांबणं. मला तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटलं. कराटे क्लासला जूनमध्ये गर्दी होते आणि पिवळा बेल्ट मिळाला की निम्मी पोरं गायब होतात. जी टिकतात ती बहुतेक वेळा किकसाठी टिकत नाहीत. काल आपण आलो नव्हतो हे कुणाच्या तरी लक्षात आलं, म्हणून टिकतात. तुमच्या गावात यंत्रमागावर काम करणाऱ्याचा मुलगा आणि डॉक्टरची मुलगी एका रांगेत उभी राहतात, आणि रांग लागते ती बेल्टच्या रंगाने, शाळेच्या फीने नाही. ही रांग रोज संध्याकाळी सांभाळायची म्हणजे शिक्षकाचंच काम. बारावीतली मुलगी ते आपणहून करते आहे. म्हणून तिने खेळाडूपेक्षा शिक्षिका म्हणून विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि शिक्षिकेला पदवी लागते. गंमत अशी की बँकेच्या परीक्षेलाही पदवी लागते. म्हणजे पुढच्या तीन वर्षांपुरतं तरी घरातल्या भांडणाला कारण नाही. बी.कॉम. करू दे, संध्याकाळचा क्लास चालू राहू दे. पदवीनंतर बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षण शिकवण्याची पदवी, दोन वर्षांची. त्याच्या सीईटीला लेखी परीक्षेबरोबर मैदानी चाचणी असते, तिथे इतक्या वर्षांचा घाम कामाला येईल. शाळांत क्रीडाशिक्षक म्हणून अर्ज करायला ही पदवी लागते. कायम जागा कमी निघतात, हे लपवत नाही. खासगी शाळा मात्र घेतात. बारावीनंतर थेट शारीरिक शिक्षणाचीच पदवी घ्यायची तर अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ जुनं आणि नावाजलेलं आहे. पण क्लास इचलकरंजीत, म्हणून मी तो आग्रह धरणार नाही. पोलीस भरतीचा विषय घरात निघाला तर एवढं लक्षात ठेवा: मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. ब्लॅक बेल्टचे गुण तिथे मिळत नाहीत.

एक गोष्ट मुलीने मनावर घ्यायला हवी. स्पर्धेचं कराटे आणि स्वसंरक्षण या वेगळ्या गोष्टी आहेत. स्पर्धेत ठोशाला १ गुण, पोटावर-पाठीवर लाथेला २, डोक्यापर्यंत पोचलेल्या लाथेला ३. आणि जोरात लागलं तर मारणाऱ्यालाच दंड! एसटी स्टँडवर कुणी मनगट धरलं तर पंच नसतो. तिथे आधी मोठ्याने ओरडायचं, मग मनगट समोरच्याच्या अंगठ्याच्या बाजूला फिरवून झटक्यात सोडवायचं (चार बोटांपेक्षा एकट्या अंगठ्याची पकड कच्ची असते) आणि पळायचं. पळण्यात कमीपणा नाही, हे ब्लॅक बेल्टवाल्यांना पटवणं फार अवघड जातं. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं तिने वाचावीत. स्वतःच्या बचावासाठी कितपत मारता येतं ते त्यात आहे, आणि आठवी-नववीच्या मुली हे हमखास विचारतात.

याला मागणी आहे. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण असतं, तीन महिन्यांचं. मानधन थोडं, शाळेमागे महिन्याला पाच हजारांच्या आसपास. त्यावर घर चालणार नाही. पण मुलींना शिकवायला शाळांना बाई प्रशिक्षक हव्या असतात आणि त्या सहज मिळत नाहीत. तुमच्या मुलीने आतापासूनच आपली शिकवणी कुठे, किती मुलींना, किती दिवस झाली याची मुख्याध्यापकांच्या सहीची पत्रं जमवावीत. प्रथमोपचाराचा कोर्सही करून ठेवावा.

राहिली सरांची शाखा. चालवायला हरकत नाही, आठवड्यातून तीन संध्याकाळी. पण गणित मांडा. समजा ४० मुलं, महिना ५०० रुपये, म्हणजे वीस हजार. त्यातून हॉलचं भाडं आणि सरांचा वाटा जाणार. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षांमुळे मुलं निम्म्यावर येणार. खरे पैसे असतात बेल्ट परीक्षेच्या फीमध्ये, आणि ती कुणाच्या खिशात जाते हे कुणी विचारत नाही. गुरूला पैशाचं कसं विचारायचं, असं तिला वाटेल. म्हणून तुम्ही दोघं सोबत जा. फीमधला तिचा हिस्सा, बेल्ट परीक्षेचा हिस्सा, हॉलचा करार कुणाच्या नावावर आणि पोराला लागलं तर दवाखान्याचा खर्च कुणाचा, हे चारही कागदावर घ्या. सर चांगले असतील तर रागावणार नाहीत.