इटलीत लग्न करायचं आहे, नागपूरहून कोणते कागद तयार करावे लागतील?

सुरुवात महापालिकेच्या जन्मदाखल्यापासून करा. जुना, हाताने लिहिलेला दाखला असेल तर नवी इंग्रजी-मराठी प्रत काढा. बऱ्याच जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाचा रकाना रिकामाच असतो. तो आधी भरून घ्या. मग पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा. आपल्याकडे वडिलांचं 'देवराव' एका कागदावर 'व्ही' घालून असतं, दुसऱ्यावर 'ओ' घालून. तिथल्या कारकुनाला ती दोन वेगळी माणसं वाटतात आणि फाईल तिथेच अडकते. दुरुस्ती नागपुरातच उरका, तिकडे गेल्यावर फार जड जातं.

दुसरा कागद अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र, नोटरीसमोर केलेलं. घटस्फोट झाला असेल तर कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रतही लागते. प्रतिज्ञापत्र फार आधी करू नका, जुनं झालं की नाकारतात.

यानंतर राज्य पातळीवरचं प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का. क्रम उलटा चालत नाही. परराष्ट्र मंत्रालय कागद थेट घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फतच द्यावे लागतात. आणि मूळ दाखला कृपा करून लॅमिनेट करू नका, त्यावर शिक्का बसत नाही.

इटलीत पोचल्यावर भारतीय दूतावासाकडून 'नुल्ला ओस्ता' घ्यायचा, म्हणजे लग्नाला कायदेशीर अडथळा नसल्याचा दाखला. त्यावरची सही तिथल्या प्रेफेत्तुरा, म्हणजे इटली सरकारच्या जिल्हा पातळीवरच्या कार्यालयात प्रमाणित होते, त्यासाठी 16 युरोचं महसूल तिकीट (स्टँप) लागतं. दूतावासाला लागणाऱ्या कागदांची यादी मात्र आजच मागवा.