धर्माचं टेन्शन सोडा, अटेंडन्सचं घ्या

बारावीचे निकाल लागले की या सदरात कॉलेजच्या प्रश्नांचा पूर येतो. यंदा बरीच पत्रं कॅथलिक संस्थांबद्दल आलीयत, त्यातली तीन घेतलीत.

प्रश्न : मुलगी कॉमर्सची, मार्क चांगले. तिला बेंगळुरूच्या क्राइस्ट युनिव्हर्सिटीतच जायचंय म्हणून हट्ट. सासूबाई म्हणतात पाद्र्यांची युनिव्हर्सिटी, रोज चर्चमध्ये बसवतील, पोर हातची जाईल. मिस्टरांना फीचं टेन्शन. मी दोघांच्या मध्ये. काय करू?
– एक आई, डिचोली

उत्तर : ताई, सासूबाईंना एवढंच विचारा, की आपल्या ओळखीतल्या किती मुली-सुना सिस्टरांच्या शाळेत शिकल्या आणि त्यातल्या कोणाच्या घरची माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची आरास) बंद पडली? गोव्यात राहून पाद्र्यांच्या शिक्षणाला घाबरायचं म्हणजे कमालच आहे, म्हापशाचं सेंट झेवियर्स १९६३ पासून आणि नुव्याचं कार्मेल कॉलेज १९६४ पासून चालतंय, तिथून सगळ्या धर्मांची मुलं शिकून बाहेर पडली.

क्राइस्ट चालवतात ते सीएमआय नावाच्या कॅथलिक धर्मसंघाचे फादर. ही केरळची मंडळी, १८३१ मध्ये मन्नानमला सुरुवात झाली, आणि त्यांचे एक संस्थापक चावरा यांनी प्रत्येक चर्चजवळ शाळा काढायचा आग्रह धरला होता. त्यांना २०१४ च्या नोव्हेंबरात संतपद मिळालं, आपल्या बाणावलीच्या जोसेफ वाझना मिळालं त्याच्या जेमतेम दोन महिने आधी (हे सासूबाईंना नको, शेजारच्या मारियाआंटीला सांगा, खूश होईल). कॉलेज १९६९ चं, डीम्ड युनिव्हर्सिटी झालं २००८ मध्ये. कॅम्पसवर चॅपल आहे. पण आपल्या घटनेचं कलम २८(३) स्पष्ट आहे, सरकारमान्य शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि अठराच्या आतला असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, प्रार्थनेला किंवा धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. मूल्यशिक्षणाचे तास असतात, ते वेगळे, त्यात वागणं-बोलणं, समाजसेवा असलं काहीबाही असतं, आमच्या वेळच्या मॉरल सायन्सची थोरली बहीण समजा.

मुलगी बदलेल का? बदलणार की, घराबाहेर राहणारी सगळीच बदलतात, त्याला फादर कशाला हवेत.

आता मिस्टरांचं टेन्शन, ते मात्र खरं आहे. गोव्यातल्या अनुदानित कॉलेजची फी डोक्यात धरून बेंगळुरूचा हिशेब करू नका, तिथे सगळा खर्च विद्यार्थ्याच्याच खिशातून, वर पीजीचं भाडं आणि डिपॉझिट. गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे, तिच्या अटी आधी वाचा आणि रहिवासी दाखल्यासाठी मामलेदारकडे आत्ताच अर्ज टाका. सगळे जून-जुलैत धावतात आणि मग तिथे रांग लागते. बँकेच्या कर्जाकडे त्यानंतर बघा.

प्रश्न : प्रायमरी मराठीतून केली. बेंगळुरूत फाडफाड इंग्लिश बोलणाऱ्या मुलांत माझं हसं होईल असं वाटतं. म्हापशातच ॲडमिशन घेऊ का?
– एक विद्यार्थी, पेडणे

उत्तर : अरे बाबा, पाचवीपासून तू इंग्लिशमधूनच शिकतोयस की! लिहिता येतं, बोलायची सवय नाही एवढंच, ती पहिल्या सेममध्ये होते. म्हापसा घ्यायचं तर कोर्स आवडला म्हणून घे, घाबरून नको. आणि घरून रोज जाऊन-येऊन डिग्री होते ही छोटी गोष्ट नाही, हेही खरं.

प्रश्न : मी बेंगळुरूला क्राइस्टमध्येच शिकते, पहिलं वर्ष. चवथीला पाच दिवस घरी जायचंय, आमचा गणपती पाच दिवसांचा. सीनियर म्हणतात विसर, अटेंडन्स जाईल. आई तर आत्तापासून रडतेय.
– एक विद्यार्थिनी, मूळ फोंडा

उत्तर : बाय, धर्माच्या नावाने सगळे घाबरवतात आणि खरी अडचण असते ती ही, तिच्याबद्दल ॲडमिशनच्या वेळी कोणी बोलत नाही. क्राइस्टमध्ये ८५ टक्के हजेरी लागते, बाकी बऱ्याच ठिकाणी ७५. सेमिस्टर ९० दिवसांचं धरलं तर ८५ टक्क्यांत तुझ्या हातात साधारण १३ दिवस येतात, त्यात ताप, पोट बिघडणं, उशिरा उठणं सगळं आलं. गोव्यात चवथीला कॉलेजं बंदच असतात गं, म्हणून आईला हे कळत नाही. कर्नाटकात सुट्टी एकच दिवसाची. म्हणजे पाच दिवसांच्या गणपतीला तीन-चार वर्किंग डे जातात, मधे रविवार आला तर कमी. परवडतं, पण जून-जुलैत एकही लेक्चर बुडवलं नसेल तरच. रविवारला जोडून केलेल्या मुन्नारच्या ट्रिपा, मैत्रिणीचा बड्डे, हे सगळं चवथीच्या खात्यातून कापलं जातं असं धर. मेडिकल सर्टिफिकेटवर भरवसा ठेवू नको, खोटं तर आणूच नको. मेंटरला आधी भेटून सांग, त्या दिवसांत इंटर्नल परीक्षा असेल तर जायचा विचार सोड.

तिकीट आजच काढ, चवथीच्या आधीच्या दोन रात्री स्लीपर बसचे दर डोळे पांढरे करतात. यशवंतपूर-वास्को गाडी स्वस्त, पण यशवंतपूर स्टेशन तुमच्या कॉलेजजवळच्या एसजी पाळ्यापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि पावसात घाटात दरड आली तर गाडी अडकते. त्यामुळे जाताना ट्रेन चालेल, पण परत येताना दुसऱ्या दिवशी सकाळी नऊचं लेक्चर असेल तर एक दिवस आधीच नीघ, आई काय म्हणायचं ते म्हणू दे.